पत्रीतलं पान

दिवा, फाल्गुन

प्रिय ऋतू,

तुझा मेल वाचला. फोनच केला असता, पण मी रडायला लागले की तुझ्याकडची रेंज जाते, म्हणून कागद घेतला. अक्षर वाकडं आलंय, बोटं नीट मिटत नाहीत. तरी सगळं वाच, मध्येच सोडू नकोस.

आधी घरचं सांगते. लिफ्ट अजून बंद. पाणी दिवसाआड, तेही करंगळीएवढं. सासूबाईंनी बाल्कनीतल्या सगळ्या कुंड्या खाली वॉचमनला देऊन टाकल्या, तुळससुद्धा. कढीपत्त्याचं पान तोडायलाही त्यांचा हात धजत नाही आता. कोलशेतच्या कंपनीनं विनीतला काढून टाकलं, इतक्या वर्षांची नोकरी चार ओळींत आटपली. माझे पाय पूर्वीसारखेच झालेत. गोळा आला की ओढणी तोंडात कोंबते, म्हणजे शेजारी आवाज जात नाही.

तुला ती भाऊबीज आठवते का रे? तू व्हिएन्नाहून आलेलास, अंगात तो निळा स्वेटर. जेवताना तू आम्हाला तुझं काम समजावून सांगत होतास. एकसष्ट साली देशादेशांनी मिळून करार केला, त्यात गांजाच्या झाडाला अफूच्या शेजारी नेऊन बसवलं. पान वगळलं, म्हणून आपल्याकडे शिवरात्रीला भांग चालते. पण झाड लावलंस की गुन्हा, मग एक असो नाहीतर शेतभर. घरच्या वापरासाठी दोन-चार झाडं लावणाऱ्याला त्यातून सोडवायचं, एवढ्यासाठी तुम्ही तिकडे भांडता. सासूबाई आ वासून ऐकत होत्या, त्यांना फक्त तू बारीक झालायस एवढंच कळलं. मग मी ओवाळलं आणि तू तबकात पाकिटाऐवजी कागदाची पुडी ठेवलीस. 'ताई, ही ओवाळणी तुझ्या पायांसाठी,' म्हणालास. मी हसले. विनीत मात्र हसला नाही, त्यानं पुडी उचलून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली.

उन्हाळ्यात त्यानं पुडीतलं बी लावलं. दोन कुंड्या, तुळस आणि गवती चहाच्या मध्ये. आमच्याकडे माणसांना पाणी नाही, तर त्यांना कुठलं. तांदूळ धुतलेलं पाणी तो त्यांना घालायचा. आईला म्हणाला, हिमालयातली वनस्पती आहे, आपल्या योगिनीच्या आजारावर. खोटं तरी काय होतं त्यात? डॉक्टरांच्या गोळ्यांनी पाय सैल व्हायचे, पण मीही दिवसभर चिंधीसारखी पडून असायचे. या पानांत कढवलेलं चमचाभर तूप पोटात गेलं की गोळे उतरायचे आणि डोकं ठिकाणावर राहायचं. सगळ्यांना असंच होईल असं नाही म्हणत मी, मला झालं. ऋतू, पावसाळ्यात मी एकटी जिने उतरून भाजीला गेलेले! विनीत बाल्कनीतून येड्यासारखा हात हलवत होता. त्या दिवसावर मी अजून जगतेय.

विनीतला पकडलं कसं, हे तुला वकिलाच्या भाषेत कळलंय. खरं काय घडलं ते कुणी सांगितलं नसेल. हरतालिकेला बाजारात पत्रीची जुडी मिळते, पण निम्मी पानं सडकी. म्हणून मजल्यावरच्या बायका दरवर्षी आमच्या बाल्कनीतून पत्री न्यायच्या आणि सासूबाईंना त्याचा केवढा तोरा! या वेळी मी आत झोपलेले, विनीत कामावर. त्यांनी तुळस दिली, जास्वंद दिली, आणि प्रत्येकीच्या ताटलीत त्या झाडाचं एकेक पान वर घातलं. औषधी आहे म्हणजे देवाला आणखी चांगलं, असा त्यांचा हिशोब. धोत्रा चालतो, रुई चालते, हे तर केवढं सुबक पान. समोरच्या राकेशनं बायकोच्या पूजेत ते पाहिलं, फोटो काढला आणि गंमत म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सगळे हसले. ग्रुपमधून तो फोटो आणखी कुठे कुठे गेला, ते देवाला माहीत. गणपती अजून घरात होते तेव्हा पोलीस आले. झाडं मुळासकट उपटली, मातीसकट पिशवीत भरली. सासूबाई त्यांना विचारत होत्या, चहा टाकू का.

ठाण्याच्या कोर्टात जामीन दोनदा फेटाळला. चांगदेव वकील म्हणतात, लागवडीला दहा वर्षांपर्यंत आहे, झाडं किती ते कायदा बघत नाही. त्यात सरकारी वकिलांनी एकच धरून ठेवलंय: बी कुठून आलं ते आरोपी सांगत नाही, म्हणजे मागे टोळी असणार, म्हणजे हा विकणारा. विनीत म्हणतो, रस्त्यावर सापडलं. ते कोण खरं मानणार? कुणी भरवशाचं माणूस उभं राहून म्हणालं असतं की आजारी बाईसाठी मी दिलं, एक पैसा न घेता, तर टोळीची गोष्ट तिथंच मोडली असती. वकिलांनी मला दोनदा विचारलं, असं कुणी आहे का. मी दोन्ही वेळा विषय बदलला.

तुरुंगातल्या मागच्या भेटीला वॉकर घेऊन गेले. विनीत पार वाळलाय. काचेपलीकडून आधी माझ्या पायांचं विचारलं आणि मग म्हणाला, "ऋतूचं नाव काढायचं नाही. तिकडे आपल्यासाठी बोलणारा एकच माणूस आहे, तोही आत गेला तर कोण बोलणार?" मी मान हलवली. असा नवरा, आणि मी मान हलवली.

आणि मग तुझा मेल आला. मार्चमध्ये त्या करारातल्या देशांची बैठक आहे, तिथं तुला आमची गोष्ट सांगायची आहे. 'भारतातलं एक कुटुंब', नावं गुप्त ठेवून, संमती तेवढी कळव. बाल्कनीचा फोटोही हवाय तुला. दोन वेळा वाचला मी तो. बी कुठून आलं, ते तुझ्याही गोष्टीत नाही रे. विनीत कसा आहे, हेही तू विचारलेलं नाहीस.

तेव्हा हे पत्र कशासाठी, ते आता सांगते. संमती नाही. व्हिएन्नाला जे सांगणार आहेस ते आधी ठाण्याच्या कोर्टात सांग, तुझ्या नावासकट. तुला अटक होईल, नोकरी जाईल, मला माहीत आहे. लहानपणी तू मार खाऊ नयेस म्हणून मी आबांशी किती खोटं बोललेय. या वेळी नाही जमणार. पुढच्या तारखेला वकील माझं प्रतिज्ञापत्र देणार आहेत. त्यात भाऊबीज आहे, तबक आहे, पुडी आहे आणि तुझं नाव आहे. काल सही केली. विनीतला सांगितलेलं नाही, तो मला माफ करणार नाही. तू आलास तर ते तुझ्या तोंडून निघेल, आणि कागद मी फाडून टाकेन. फोटो सोबत ठेवलाय. कुंड्यांचे गोल डाग तेवढे उरलेत लादीवर.

तुझीच,
ताई