देवीदास राजदूत झाला होता

९ जानेवारी
"राजदूत म्हंजे कलेक्टरच्या वर का खाली गो?" बाबांनी जेवताना विचारलं.
ग्रामपंचायतीत त्यांच्या नावाने अमेरिकेहून पत्र आलंय. मराठीत! मोठाली अक्षरं, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही. बाबांच्या तरुणपणी डेव्हिड नावाचा एक गोरा मुलगा दोन वर्षं सापगावात राहिला होता, कोंबडीपालन शिकवायला. गावाने त्याचा देवीदास केला. हे मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि अर्धं खोटं समजत आलेय. तो पुढे अमेरिकेचा राजदूत झाला, तीन देशांत. आता निवृत्त, बायको वारली. तुमच्याकडे उतरू का, विचारतोय.
बाबा : "लिव, ये म्हणून. विचारतो काय!"

१४ जानेवारी
नेटवर नाव शोधलं. फोटोत काळा सूट, मागे झेंडा, कुठल्याशा देशाचे राष्ट्राध्यक्ष हात मिळवतायत. हा माणूस आमच्या ओट्यावर सुकट-भाकरी खायचा? शाळेत कुणाला सांगितलं नाही. फक्त पाटीलबाईंना. म्हणजे सगळ्यांना.

२ फेब्रुवारी
आले. गाडी पाठवते म्हटलं होतं, तरी आसनगावला उतरून रिक्षाने आले. उंच, पाठीत वाकलेले, हातात काठी. शाळेत इंग्रजी शिकवते मी. तरी आठवडाभर स्वागताचं वाक्य घोकत होते. तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "तू किसनची पोर ना गो? बाबा कुठं हाय तुजा?"
डी.एड.ला गेल्यावर पोरी हसायच्या म्हणून मी ही बोली टाकली. ह्यांनी परमुलखात साठ वर्षं जपली.
बाबा बाहेर आले. दोघे म्हातारे समोरासमोर.
"म्हातारा झालास रे."
"तू नाय झालास?"
मग एकमेकांचे हात धरून उभे. मी चहाचं निमित्त करून आत गेले.

३ फेब्रु.
दे.का. (देवीदासकाका, त्यांनीच सांगितलं असं म्हण) म्हणाले, मुरबाडकडच्या पाड्यावर जाऊ. तिथे त्यांनी खुराडी बांधली होती. आता जागाही सापडेना. हिराबाई म्हणून एक म्हातारी दारात बसलेली, डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिली.
"तू तो कोंबडीवाला ना रे?"
"व्हय."
"मेल्या ना तुज्या सगल्या कोंबड्या!"
"मानमोडीची साथ आली होती."
"मेल्या तर मेल्या. तू बसून रडलास ना, ते ध्यानात हाय माज्या."
राजदूत हसता हसता डोळे पुसत होते.

४ फेब्रु.
मुलांना सांगता येईल म्हणून वही घेऊन बसले. त्यांच्या नोकरीची सुरुवात व्हिसाच्या खिडकीवर, दिवसभर शिक्के. मग बढत्या, बदल्या, शेवटी राजदूत. एका देशात दोन सेनापतींची लढाई चाललेली. हे रोज मधोमध खुर्ची टाकून दोघांशी चहा प्यायचे. अकरा दिवस गोळी सुटली नाही.
"अकराच दिवस? मग काय उपयोग?"
"अकरा दिवसांत धान्य जातं गो. ट्रक जातात."
वही तशीच राहिली माझी. युद्ध थांबवलेला माणूस आमच्या पडवीत बसून वालाच्या शेंगा सोलत होता. टोपली रिकामी झाल्यावर म्हणाले, अजून हायत का?

५ फेब्रु.
भातसानगरला धरण दाखवायला नेलं. पाण्याकडे बघत कठड्याशी बसले आणि आपणहून बोलायला लागले.
शेवटचा देश. बंड झालं. वरून हुकूम आला, दूतावास बंद करा, निघा. हेलिकॉप्टरं फक्त अमेरिकन लोकांसाठी. ह्यांनी फोनवर भांडून जास्तीच्या दोन फेऱ्या मिळवल्या, तिथले कारकून, माळी, त्यांची बायकापोरं, सगळ्यांना काढलं. पदक मिळालं त्याचं.
मी भारावून काहीतरी बोलणार, तर म्हणाले, "चार जन राहिले."
तिघे शहराच्या पलीकडे अडकले होते. त्यांना आणायला ह्यांनी ड्रायव्हरला धाडलं. इसा त्याचं नाव. चाळीस मिनिटं वाट पाहिली. मग पायलट थांबेना.
"मंग मी बसलो."
चौघांपैकी कुणीच पुन्हा दिसलं नाही.
इसाची मुलगी तेव्हा सहा वर्षांची. आता तिने ह्यांना शोधून पत्र लिहिलंय. एकच प्रश्न : माझे वडील आपणहून गेले, की तुम्ही पाठवलं?
चौदा महिने झाले. उत्तर दिलेलं नाही.

५ फेब्रु., संध्याकाळी
बाबांना त्यांनीच सांगितलं.
"लिव ना मंग."
"काय लिवू?"
"मी धाडला, असं लिव."
"शिव्या दिल्या तिनं तर?"
"देईल. बाप गेला तिचा. तू ऐकून घेशील."

७ फेब्रु.
मला बोलावलं. म्हणाले, "इंग्रजीत लिवायला बसलो की सरकारी कागद होतो. अत्यंत खेद वाटतो, परिस्थिती पाहता, असलं. तुमच्या भाषेत मला लपवता येत नाय गो, तेवढे शब्दच नायत माज्याकडं. मी सांगतो, तू इंग्रजी कर."
मी? राजदूताचं पत्र?
त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं : "इसा जातो म्हनाला नव्हता. मी जा म्हनालो. त्यानं इचारलं, साहेब, तुमी थांबाल ना? मी म्हनालो, थांबतो."
पेन अडला. 'थांबतो'चं इंग्रजी पहिलीतल्या पोरालाही येतं. मला लिहवेना. शेवटी लिहिलं. त्यांनी वाचलं, त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिले. एक अक्षर बदललं नाही. सही केली, नुसतं नाव. खाली हुद्दा नाही.
एवढा मोठा माणूस मी पाहिला नव्हता. आणि एवढा एकटाही नाही.

८ फेब्रु.
गेले. पाकीट सदऱ्याच्या खिशात. मी म्हटलं, शहापूरचं पोस्ट उघडं आहे.
"नाय. तिच्या गावाला इमान जातं."
"जाणार तुम्ही?"
"बघतो."
बाबा पायरीवरून, "बघतो नको. जा."

१७ फेब्रु.
काही कळलं नाही. बाबा रोज विचारतात. इंटरनेटवर बघ म्हणतात, जसं काही तिथे सगळं लिहून येतं.

२६ फेब्रु.
सकाळी अनोळखी नंबर. मागे विमानतळावरच्या घोषणा, लोकांचा गलका. दे.का.!
"उतरलो गो, तिच्या गावाला. पत्र शेवटी आधीच पाठवलं. तिनं वाचलं. बाहेर उभी हाय म्हणे."
"काय म्हणाली?"
"काय नाय. कितीचं इमान, एवढंच इचारलं."
बाबांनी फोन ओढून घेतला. "कुठं हायस तू?"
"दाराशी."
"दाराशी काय करतंस? पुढं हो ना रे!"
काचेचं दार सरकल्यासारखा आवाज. काठीची टकटक. एक बाई काहीतरी बोलली, एकच शब्द, मला कळला नाही. मग फोन बंद.
संध्याकाळ झाली. परत लावला नाही. बाबा म्हणतात, लावू नको.