बाळाच्या कपाळावरचं कुंकू

३ मार्च, सोम.
मंदारच्या नोकरीचं अजून काही नाही. त्याला माझ्या व्हिसावर घ्यायचे कागद पाठवले. म्हणजे तो, आमची सई, मी, फ्रीमाँटचं हे घर, सगळं आता माझ्या एकटीच्या नोकरीवर.
म्युझियममध्ये मात्र बरं वाटतं. हस्तिदंती बाळ साफ करायला घेतलंय. वीतभर उंच. मेंढपाळ झालेला बाळ येशू, डोंगरावर बसून गालाला हात लावून पेंगतोय, मांडीवर कोकरू, पायथ्याशी मेंढ्या. दात आफ्रिकेतून गोव्याला आला, तिथे कुणीतरी कोरला, मग गलबतातून लिस्बनला, आणि फिरत फिरत आमच्या टेबलावर. पायांची घडी मात्र अस्सल आपल्याकडची! कोरणारा बाटला असेल, पण त्याचे हात नाही बाटले.
मीटिंगमध्ये म्हटलं, लोकांनी याला आपल्या पद्धतीनं पुजलं असणार, तेल-कुंकू लावून. कॅरल, म्हणजे आमची क्युरेटर, माझी बॉस, हसली. ‘लव्हली आयडिया. पुरावा आण.’
पुरावा कुठून आणू?

८ मार्च, शनि.
फॅमिली डे. आईला लॅब दाखवली. रत्नागिरीहून आल्यापासून मागे लागली होती, तू नेमकं काय पुसत असतेस ते बघू दे.
बाळ बघून खूश. ‘अगं, हा तर बाळकृष्ण! गाई बघ केवढ्या.’ म्हटलं, आई, येशू आहे, त्या मेंढ्या आहेत. ‘असू दे. गुराखीच ना?’
तेवढ्यात मंदारचा फोन, इंटरव्ह्यू कॅन्सल झाला म्हणून. बोलायला बाहेर गेले. मूर्ती आधी कपाटात ठेवायला हवी होती. तो नियम मीच नव्या लोकांना शिकवते. परत आले आणि घाईत न बघताच ठेवून दिली.
आत्ता जेवताना आई सहज म्हणाली, ‘तुझ्या त्या बाळाला कुंकू लावलं हो. कपाळ कसं मोकळं मोकळं दिसत होतं.’
पर्समध्ये देवळातली कुंकवाची पुडी होती म्हणे.
हस्तिदंत म्हणजे टिपकागद. त्यात हल्लीच्या कुंकवातला केमिकल रंग. चार शतकं समुद्र, वाळवी, पाद्री सगळं सोसून आलेलं ते बाळ, आणि माझ्या आईनं

९ मार्च, रवि.
लॅब बंद. आईला काही बोलले नाही. ती उकडीचे मोदक करत बसली, मी आवडीनं खाल्ल्याचं नाटक केलं.

१० मार्च, सोम.
लवकर गेले. कॅरल आधीच दिव्याखाली मूर्ती घेऊन बसलेली. डोळ्यांत पाणी! ‘यू वेअर राइट,’ म्हणाली. ‘लाल रंग! तुझ्या क्लीनिंगमध्ये खालून निघाला ना?’
मी मान हलवली. आपली ती मान! ना धड हो, ना धड नाही. माझं मलाच माहीत नव्हतं त्यातलं काय होतं. तिनं हो धरलं आणि मला मिठी मारली.
बोलायचं ते त्याच क्षणी बोलायचं होतं. दोन वाक्यं. मी हातमोजे शोधायला वळले.
नंतर एकटीनं भिंगाखाली पाहिलं. अनामिकेचं टोक टेकलंय, अगदी मधोमध. किती नीट लावलंय आईनं.

१३ मार्च, गुरु.
समुद्री व्यापाराच्या प्रदर्शनाचं पोस्टर बदललं. जहाज गेलं, बाळाचं कपाळ आलं, लाल ठिपक्यासकट. रंगाची टेस्ट प्रदर्शन उघडल्यावर करायची ठरलीय. टेस्टमध्ये हा रंग कारखान्यातला आहे हे कळायला कितीसा वेळ लागणार? मग ‘पुरावा तूच तयार केलास’ म्हणतील. अशा माणसाला कुठलं म्युझियम ठेवून घेईल? नोकरी गेली की व्हिसा, व्हिसा गेला की सगळे परत भारतात. सईला तर मराठी वाचतासुद्धा येत नाही, तिला कुठल्या शाळेत घालू?
मंदारला सांगितलं. तो म्हणाला, ‘यार, तू कुठे काही बोललीस? तिनं अझ्यूम केलं. लेट इट बी. निदान माझं काही होईपर्यंत.’
सई जिन्यात उभी होती. ‘वेट, आजी डिड दॅट? मॉम, यू हॅव टू टेल देम.’
तिला खोलीत पाठवलं. ओरडूनच.

१५ मार्च, शनि.
काल बाळाचे पाय बघितले. बोटांच्या बेचक्यात काळं, तेलकट, घट्ट बसलेलं काहीतरी आहे. आई यायच्या आधीही होतं, मेणबत्तीची काजळी समजून सोडलं होतं. कुणीतरी खरंच तेल लावलं असेल का? मी म्हणत होते ते खरं असेल का?
आता ते कुणाला दाखवू? कपाळ खोटं ठरलं की पायांवर कोण विश्वास ठेवील?
सारखी त्या कोरणाऱ्याची बायको मनात येते. तेव्हा, इन्क्विझिशनच्या काळात, गोव्यात दारात तुळस सापडली तरी चौकशी व्हायची. घरात घडत असलेल्या परक्या देवाच्या पायांना तिनं हळूच तेल लावलं असेल, आणि मग दारावर थाप पडली की तिचंही असंच पाणी होत असेल. मला असं वाटून घ्यायचा हक्क नाही खरं तर. मला कोण जाळणार आहे?

१९ मार्च, बुध.
कॅरलनं केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, कळलं बहुतेक.
तसं काही नव्हतं. त्याहून वाईट. शुक्रवारी उद्घाटन, देणगीदार, पत्रकार. म्हणे, तुझ्या आईला आण. देवाला कुंकू का लावतात, कसं लावतात, तिच्या तोंडून ऐकू दे लोकांना. ‘यू कॅन ट्रान्सलेट.’
मला हसू आलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.
घरी आईला सगळं सांगून टाकलं. डाग, टेस्ट, नोकरी, व्हिसा. ती खाली बसली. ‘मी देवाला कुंकू लावलं गं. एवढंच.’ किती लहान दिसत होती. ‘सगळ्यांच्या पोटावर पाय आणला का मी?’
नाही म्हणायला हवं होतं. नुसती मान हलवली. पुन्हा तीच मान.

२० मार्च, गुरु.
आईनं आणलेली पुडी बागेत नेऊन मातीत पुरली. देवळातलं कुंकू कचऱ्यात कसं टाकणार म्हणाली.
मंदारनं तिला समजावलं. ‘आई, उद्या फक्त कुंकू का लावतात एवढंच सांगा. तुमच्या लहानपणचं वगैरे. बाकी नको.’ ती हो म्हणाली.

२१ मार्च, शुक्र.
दुपार. निघायचंय, पण हे लिहिल्याशिवाय पाय निघणार नाही.
आई नऊवारी नेसली. मी केसांत पिना लावून देत होते. आरशात बघत म्हणाली, ‘त्या बाई चारचौघांत विचारतील, हे कुणी लावलं असेल असं तुम्हाला वाटतं?’
म्हटलं, विचारतील.
‘मी सांगणार, मी लावलं. देवासमोर उभं राहून खोटं नाही बोलवणार मला. तुझा असो नाहीतर त्यांचा.’
आई, अगं, मंदारला हो म्हणालीस ना?
‘घाबरले होते. अजून घाबरलेलीच आहे.’ मग माझ्या हातातली उरलेली पीन काढून घेतली. ‘मी मराठीतच बोलेन. त्यांना काही कळायचं नाही. तू इंग्रजीत काय सांगायचं, ते तुझं तू बघ.’
आई केव्हाची गाडीत जाऊन बसलीय, पट्टा लावून. शेजारी सई. मंदार दारात किल्ली घेऊन उभा आहे, सारखा माझ्याकडे बघतोय.
मला चप्पल सापडत नाहीये.