बारा डावे हात

२८ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. गुडघा आता बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. जिना मात्र एवढ्यात चढू नकोस. आम्ही मजेत. हिची सकाळची पाळी सुरू झालीय, त्यामुळे तिचा डबा मी करतो आणि ती तो निमूटपणे खाते. यावरून तिच्या सहनशक्तीची कल्पना यावी.

तू येत्या एक तारखेला राजीनामा देणार, असं लिहिलंस. नोंदणी कार्यालयातली बावीस वर्षांची नोकरी सोडून रोपवाटिका काढणार. भावोजी नको म्हणतायत, पण तू त्यांना माझं उदाहरण दिलंस. ‘बारक्या पंचेचाळिसाव्या वर्षी टेबल सोडून सुतार झाला, सुखात आहे, मग मला काय धाड भरलीय?’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की कागदाची घडी फाटायला आली.

मला फार आनंद झाला, असं लिहायला पहिल्या दिवशीच बसलो होतो. ते पान फाडलं. दुसऱ्या पानावर कारखान्यातल्या नव्या रंध्याविषयी बरंच लिहिलं आणि तेही फाडलं. आता सरळ सांगतो.

उन्हाळ्यात तुला फोटो पाठवला होता बघ, मी एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा आहे. ती खुर्ची आमच्या कारखान्याच्या मिस्त्रींनी केलेली आहे. मी केली असं मी कुठे लिहिलं नव्हतं, पण तुझा तसा समज व्हावा अशा बेताने उभा राहिलो होतो. तू तो फोटो फ्रेम करून घेतलास तेव्हा मला घाम फुटला होता.

ताई, हे काम मला मनापासून आवडतं, यात खोटं काही नाही. पाणीपुरवठ्याच्या तक्रार खात्यात सतरा वर्षं लोकांना ‘आपल्या पत्राची नोंद घेतली आहे’ असं कळवत बसलो, त्यात एक दिवसही जिवंत असल्यासारखं वाटलं नाही. इथे सकाळी कुलूप उघडलं की लाकडाचा वास येतो आणि मला अजूनही बरं वाटतं. पण मला ते येत नाही. दोन वर्षं झाली, घासून घासून बोटांची सालं निघाली, तरी सांधा एक तर सैल बसतो नाही तर फाटतो. माझ्यानंतर आलेली मुलगी आता कपाटं करते.

ऑगस्टमध्ये एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सहा खुर्च्या सांगितल्या. मिस्त्रींनी मोठ्या विश्वासाने त्या खुर्च्यांचे हात करायचं काम मला दिलं. आमच्यात पद्धत अशी, की डावा आणि उजवा हात एकमेकांसमोर ठेवून दोन्हींवर मिळून एक पेन्सिलची खूण करायची, म्हणजे कापताना बाजू चुकत नाही. मी पहिला हात इतका छान उतरवला की हरखून गेलो. जोडी लावायची विसरलो आणि त्या एकावरूनच सगळे छापत गेलो. तीन दिवस कोणाशी बोललो नाही, जेवायला उठलो नाही. इतक्या सुखात मी आयुष्यात कधी नव्हतो. शेवटी बारा हात ओळीने मांडून मिस्त्रींना हाक मारली. बाराच्या बारा डावे.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक हात उचलून अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाले, “तुझा जीव आहे रे यात, पण हात नाही. बाकी सगळं मी शिकवतो, हे मला शिकवता येत नाही.”

मग त्यांनी विचारलं, आधी काय करायचास? मी सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. तेव्हापासून मी कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत बसतो. गिऱ्हाइकांचे फोन घेतो, कोणाचा ड्रॉवर अडकला, कोणाचं टेबल डुगडुगतं, ते लिहून घेतो आणि उत्तरं पाठवतो. मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, असा माणूस आम्हाला कधी मिळाला नव्हता. काचेतून मला सगळे रंधा मारताना दिसतात. जुनी जागा विचारून आलो, ती भरली. आणि इथून उठायचं म्हटलं तर पाय निघत नाही.

तुझ्या हाताने झाडं जगतात की नाही, मला माहीत नाही. तुझी गॅलरी पाहून चार वर्षं झाली. कदाचित तुझं छान होईल. पण माझ्या भरवशावर उडी मारू नकोस, एवढं तुला सांगायला हवं होतं.

हवं होतं असं लिहितोय, कारण हे पत्र तुला बुधवारी मिळेल आणि एक तारीख मंगळवारी आहे. तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. परवा फोन केला, तू उचललास, आणि मी हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला. ही म्हणाली, “ताईंना आजच्या आज सांग.” मी म्हटलं, पत्रात नीट सांगता येईल. तिने बोटांवर दिवस मोजून दाखवले.

नीट सांगता येईल, हेही खरं नव्हतं. मी सांगितलं असतं तर तू थांबली असतीस. मग घरात चुकलेला मी एकटाच राहिलो असतो. इतके दिवस मला हे कळत नव्हतं, लिहिता लिहिता कळलं. आता तरी काही करावं ना? अजून रविवार आहे, सोमवार आहे, फोन हाताशी आहे. आणि मी पाकिटावर तिकीट लावतोय.

भावोजींना हे पत्र वाचायला दे. रागाव, पण मला लिही.

तुला वेळेत न सांगणारा तुझा भाऊ,
बारक्या