माडीवरचा निळा दिवा

१ नोव्हेंबर २००९, रविवार

काय अवदसा आठवली मला! स्टाफरूममध्ये सगळे म्हणत होते, नवी सिस्टीम आलीय, झकास चालते. झालं, माझ्या हातांना खाज सुटली. टाकली. आता लॅपटॉप सुरू होतो, छान छान रंग दाखवतो – आणि वायरलेस ठार! कार्डाच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह. कडेचा निळा दिवा विझलेला.

इंटरनेटचा डबा खाली, फोनपाशी. बाबा माडीवर. २००५ च्या पुरात खाली छातीभर पाणी आलं तेव्हा त्यांनी बिऱ्हाड वर हलवलं ते हलवलंच. यंदा जूनमध्ये अर्धांगवायू झाल्यापासून जिना उतरणं संपलं. लॅपटॉपची वायर जोडायची खाच तर गेल्या वर्षीच मोडलीय. वायरलेस नाही तर काहीच नाही.

पुढच्या रविवारी सकाळी अकराला धाकट्या बहिणीचा, वल्लरीचा, व्हिडिओ कॉल; जूननंतर ती बाबांना पहिल्यांदाच बघणार. निस्तर आता!

२ नोव्हेंबर, सोमवार

मेलबर्नहून वल्लरीचा फोन. बीपी वाढलेलं, डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलंय. पुढच्या सोमवारी सिझेरियन. मी म्हटलं, लॅपटॉप जरा बिघडलाय गं. ती एकदम रडायलाच लागली.

"ताई, पाच महिने बाबांचा आवाज नाही ऐकला मी. खरं सांग, ते आहेत ना?"

अगं वेडे! मी ओरडलेच. फोटो पाठवू का विचारलं तर म्हणाली, फोटो जुनाही असू शकतो. चुकलं माझंच. तिला "किरकोळ झटका" सांगून बसले. तोंड वाकडं झालंय, शब्द फुटत नाहीत, लाळ पुसावी लागते – यातलं काही सांगितलं नाही. बाबा फोनला हात लावत नाहीत. चाळीस वर्षं महाडच्या कोर्टात उभं राहून बोललेला माणूस.

३ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेतून थेट आमोदच्या सायबर कॅफेत. माझा जुना विद्यार्थी. दहावीला विज्ञानात जेमतेम पास झालेला, आज मला शिकवतो!

"बाई, हे कार्ड जुनं. नव्या सिस्टीमसाठी कंपनीनं ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, काढलेलाच नाही. लॅपटॉपबरोबर आलेली सीडी आणा. जुनी सिस्टीमच आहे असं भासवून टाकून बघू."

एवढ्यात लोडशेडिंग. अंधारात हसून म्हणाला, "सीडी जपून ठेवलीय ना?"

हो म्हटलं. ठेवली असणारच.

४ नोव्हेंबर, बुधवार

नाही ठेवली.

कपाट, ट्रंक, पुरापासून वर टांगलेली बोचकी – सगळं उपसलं. मग आठवलं. दिवाळीची साफसफाई. आमची पोलादपूरकडची जमीन चांगू बघतो. तो तांदूळ घेऊन आला होता. जुन्या सीड्यांचा गठ्ठा मीच त्याच्या हातात ठेवला – "ने बाबा, शेतात टांग, पाखरं घाबरतील."

औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत शेजारच्या मुकुलला लॅपटॉप मिळालाय, तो मागून पाहिला. कंपनीचा आहे, बाहेर देता येत नाही म्हणाला. त्याचंही बरोबर आहे.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने पाटीवर लिहिलं – "राहू दे". माझी दगदग बघवत नाही त्यांना. मी म्हटलं, राहू देणार नाही!

५ नोव्हेंबर, गुरुवार

रजा टाकली. बाबांपाशी आमच्याकडे कामाला येणारी ठमाबाई दिवसभर बसली. एसटीने पोलादपूर, तिथून आंबेनळीच्या रस्त्याला जीपने, मग चढण. गुडघे बोलायला लागले.

चांगूची बायको शकू अंगणात. "गो ताय, अशी अचानक? आबा बरं हायत ना?" आमच्या बाबांना ही माणसं आबा म्हणतात. चांगूला सीड्यांचं विचारलं तर खूश! "लय कामाच्या निघाल्या. पाखरू फिरकत नाय." वर उतारावर नाचणी उभी होती आणि तिच्यात काठ्यांना टांगलेल्या सीड्या, सगळ्या वाऱ्यावर गरगरत. एकेक धरून बघायची. पोरांची गाणी, शाळेचं प्रशिक्षण, चारुलताबाई जोशी अभिनंदन सोहळा... अठरावी आमची! एका बाजूला ओरखडे, मधल्या भोकात सुतळी ओवलेली.

"ही नेते रे." चांगूला वाटलं मी रागावले. "ताय, मग बाकीच्या पन परत न्यायच्या काय?" मला हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

सीडी फिरते आणि थांबते. फिरते आणि थांबते. शी!

७ नोव्हेंबर, शनिवार

आमोद घरी आला, देवासारखा. सीडी मऊ फडक्याने आतून बाहेर पुसली, चौथ्या वेळी वाचली गेली. जुनी सिस्टीम भासवून ड्रायव्हर टाकला. पिवळं चिन्ह गेलं! मी टाळ्याच वाजवल्या. तेवढ्यात त्याला कॅफेतून बोलावणं आलं, तो पळाला.

संध्याकाळी बघते तर कार्ड ठीक, नेटवर्क एकही नाही. निळा दिवा नाही. पुन्हा पुन्हा बंद-चालू केलं. मग वीजच गेली. बाबा अंधारात लॅपटॉपची कड डाव्या हाताने चाचपत होते. बिचारे. दाढी करू या म्हटलं उद्यासाठी, तर मान भिंतीकडे वळवली.

८ नोव्हेंबर, रविवार, सकाळी नऊ

आमोदला फोन. "बाई, पुढच्या कडेला बारीक बटण असतं, सरकवायचं. ते चालू आहे ना?"

बंद होतं! सरकवलं – दिवा लागला, नेटवर्क आलं. लॅपटॉप पुसताना माझाच हात लागला असणार. बावळट कुठली! वल्लरीला कळवलं. तिचा कॉल आपोआप उचलला जाईल असंही करून ठेवलं. फक्त अकरा वाजायचे.

सकाळी सव्वाअकरा

पावणेअकराला वर गेले तर दिवा पुन्हा विझलेला. बाबांचा अंगठा त्या बटणावर. माझ्याकडे बघून रडायला लागले. पाटीवर लिहिलं – "तिनं हे तोंड बघू नये".

मी रागावणार होते. नाही रागावले. म्हटलं, "बाबा, तिला वाटतंय तुम्ही गेलात." एवढंच. लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला, बटणाला हात लावला नाही, आणि खाली आले.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून लिहितेय. वरून आत्ता वल्लरीचा आवाज आला – "बाबा! बाबा, दाढी किती वाढवलीत!"