पुस्तकावर छापलेली गृहिणी

बाबा, माझं पुस्तक छापून आलं, आणि तेव्हापासून मी नुसती चिडलेली आहे. लोक अभिनंदन करतात तर त्यांच्यावरही खेकसते. तुम्हाला जाऊन दहा-बारा वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटतं.

मलकापूरच्या छापखान्यात तुम्ही अक्षरांचे खिळे जुळवायचात. लग्नपत्रिका, जिनिंगवाल्यांची बिलं. मालकांच्या कपाटातलं एखादं पुस्तक रविवारी घरी यायचं. मला गोष्टीची घाई, आणि तुम्ही आधी लेखकाची माहिती वाचायला लावायचात. "हा करते काय, ते पाह्य बरं." मी चुलीपाशी बसून वाचतेय, हा वकील, हा कोकणात पोस्टमास्तर, हा जंगल खात्यात, ही शाळेत हेडबाई. तुम्ही भाकरीचा घास हातातच धरून ऐकताय. "म्हंजे लिहाले काही येगळं मानूस लागत नाही," तुम्ही म्हणालात. "तू बी लिहिजो. पन आंधी हाताले काम पाह्यजो." म्हणून मी नर्स झाले.

सोनाळ्याच्या दवाखान्यात बाळंतपणं करता करता मी तिथल्या बायांच्याच गोष्टी लिहिल्या. पुण्याच्या प्रकाशकांनी त्या घेतल्या तेव्हा मी दवाखानाभर पेढे वाटले. मग मुद्रितं आली. माहितीत लिहिलेलं, 'लेखिका गृहिणी असून फावल्या वेळात लेखन करतात.' माझं लग्नही झालेलं नाही, बाबा! आणि फावला वेळ म्हणजे काय, ते त्यांनी एकदा दवाखान्यात येऊन बघावं. रजा काढून पुण्याला गेले. प्रकाशक सभ्य गृहस्थ. चहा मागवला.

"मी नर्स आहे," मी म्हटलं.

"ते माहीत आहे हो. पण बाळंतपणं करणारी बाई म्हटलं की घरंदाज वाचक पुस्तक हातात घेत नाही. आणि तुमच्या बायांचं ते मले-तुले जरा नीट करून घेतलंय. आता सगळं मराठी राज्य एक झालं, भाषाही एक नको का?"

"त्या बाया तशाच बोलतात."

"बोलू द्या की. छापायचं कशाला?"

मी पुस्तक परत मागितलं. छपाई सुरू झाली आहे, म्हणाले. परतीच्या गाडीत मला एकापेक्षा एक उत्तरं सुचत होती. त्यांचा काय उपयोग?

परवा एका बाळंतिणीला तिचीच गोष्ट वाचून दाखवली. तिचं पहिलं मूल जन्मतःच गेलं, तेव्हा ती मला म्हणाली होती, "मले त्याले एकडाव पाहू द्या, बाई." पुस्तकात ती म्हणते, "मला त्याचे एकदा दर्शन घडू द्या." या खेपेच्या पोरीला पाजत पाजत तिनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "कोन व्हय हे? मोठ्या घरची दिसते." ही तूच, असं मला सांगवेना.

दुसरं पुस्तक लिहून तयार आहे. नर्स छापा आणि बाया बोलतात तसं छापा, असं प्रकाशकांना कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं, जमणार नाही. शेवटी तुमच्या छापखान्याच्या मालकांकडे गेले. ते पान उलटून हसले, म्हणाले, "हे तं आपलंच बोलनं हाय. लग्नसराई सरू दे, मंग पाहू." तेव्हा सध्या नवरा-नवरीच्या नावांमागे माझ्या बाया रांगेत उभ्या आहेत. वाट बघण्याचाही आता वैताग येतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. पुण्याचं पार्सल फोडलं तेव्हा सगळ्या प्रती तशाच परत पाठवायच्या, असं मनाशी ठरवलं होतं. पण कव्हरवर माझं नाव होतं, आणि माझ्या नावाच्या मधोमध तुमचं. त्यावरून बोट फिरवत मी बराच वेळ बसले. तेवढा वेळ मला कुणाचाच राग आला नाही.