माऊसविरुद्ध तक्रार

३ नोव्हेंबर, सोमवार. रात्रीचे सव्वाआठ.
शके १९४७, कार्तिक शुद्ध त्रयोदशी, मुक्काम खरवई, बदलापूर. आजच्या शुभदिनी मी, हेमचंद्र, वय पंचावन्न, शाळेत संस्कृतात पहिला, पोटासाठी रसायनशास्त्रात, आमच्या घरच्या माऊसविरुद्ध गंभीर तक्रार नोंदवीत आहे. तो थरथरतो. पडद्याच्या मधोमध नेम धरायची जी फुली असते ती शत्रूच्या डोक्यावर न्यावी, तर तिथे पोचताच ती डुगडुगायला लागते, जणू तिलाच दया आली. गोळी भिंतीत. शत्रू मात्र दया दाखवत नाही.

माऊस जेमतेम वर्षाचा आहे. हल्ली वस्तू टिकतच नाहीत.

पुढेमागे मलाच संदर्भ लागला तर: या बंदुकीच्या गेमचा पहिला भाग मी आणला तेव्हा हिमानी दुसरीत होती. आता ती बंगळूरला नोकरी करते आणि गेमचा अकरावा भाग चालू आहे. मधल्या काळात नकाशे बदलले, बंदुका बदलल्या, शत्रूंचे देश बदलले, आमची साडेसातची वेळ बदलली नाही. ती तिकडे हेडसेट लावते, मी इकडे. फोनवर पोरगी जेवलात का, बरं, ठेवते, याच्या पुढे जात नाही. गेममध्ये मात्र दाराआड दबा धरून बसली की ऑफिसातलं सगळं सांगते. बॉस कसा आहे ते मला एका पडक्या गोदामात कळलं.

आजवर आम्ही कॅज्युअल खेळायचो. मेलं की तीन सेकंदांत परत उभं, हरलं तर कुठे नोंद नाही. या सीझनला तिला रँक्ड खेळायचंय. तिथे प्रत्येक हार कायमची लागते आणि सीझनभर जोडीदार एकच. म्हणजे मी नाही म्हटलं तर दुसरा कोणीतरी साडेसातला तिच्या दाराआड बसणार. मी म्हटलं, जोडीदार मी. ती म्हणाली, बाबा, रँक्डवाले लोक जाम डोकं खातात हां. म्हटलं, अठ्ठावीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे, प्रॉडक्शनवाले दुसरं काय करतात?

संकल्प: ३० तारखेला सीझन संपतो. त्याआधी रजतपदक.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
दहा सामन्यांनंतर गेमने शिक्का मारला. कांस्य, तोही तिसरा दर्जा. हिमानी गेल्या सीझनला सुवर्ण होती. माझ्याबरोबर जोडी लावल्याने रजतवर घसरली. चालतंय हो बाबा, म्हणाली.

रँक्डचा एक नियम मला माहीत नव्हता. मेलेल्याला परत उठता येत नाही. फेरी संपेपर्यंत त्याने जिवंत असलेल्या सोबत्याचा पडदा बघत बसायचं. त्याचा नेम, त्याची फुली, सगळं दिसतं. आज आमच्या पाच जणांच्या टीममधला एक इंदूरचा मुलगा मेला आणि माझा पडदा बघू लागला. मी गेममध्ये 'स्थितप्रज्ञ' हे नाव घेतलंय. तो म्हणाला, ओ स्थित अंकल, ये गन है कि मिक्सर? मेरे को बैठे बैठे चक्कर आ गया. हिमानीने त्याला असं काही झापलं की त्याने सॉरी म्हटलं. पोरीची हिंदी उत्तम आहे.

कारण सापडलं: पंखा. वाऱ्याने मनगट हलतं. उद्यापासून पंखा बंद.

७ नोव्हेंबर.
पंखा बंद. घाम. फुली तशीच. मालिनी म्हणते, अहो, मी काय गुन्हा केला म्हणून उकडून घेऊ?

कारण टेबल असावं. पायाखाली पुठ्ठा सारला. मालिनीचं म्हणणं, याच टेबलावर मी अकरा वर्षं पोळ्या लाटते, ते कधी हललं नाही. पोळी हे स्थिर लक्ष्य आहे, हे तिला कोण सांगणार?

९ नोव्हेंबर, रविवार.
माऊस घेऊन उल्हासनगर, कॅम्प तीन. कॉम्प्युटरवाल्या हरेशभाईंनी तो काचेच्या काउंटरवर फिरवला, सोडला. पडद्यावरचा बाण दगडासारखा उभा. साईं, एकदम ओके पीस है, म्हणाले. मी हातात घेतला, बाण थरथरला. हरेशभाईंनी परत घेतला. दगड. परत मी. थरथर. मग ते माऊसकडे बघायचे थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, साईं, चाय पियोगे? बैठो थोडा.

सिंधी माणूस गिऱ्हाइकाला काही न विकता चहा पाजतो, हे शुभलक्षण नव्हे. दुसरा माऊस घेतलाच. वजनदार.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
वजनदार माऊसही थरथरतो. कंपनी वेगळी, दोष तोच. सगळा माल एकाच ठिकाणाहून येत असणार.

अंबरनाथला लॅबमध्ये आज ब्युरेटची, म्हणजे मापाच्या काचनळीची, तोटी कडक झाली होती. थेंब थेंब सोडायचा, शेवटच्या थेंबाला खालच्या फ्लास्कमधलं पाणी फिकट गुलाबी व्हायला हवं, तिथेच तोटी बंद. अठ्ठावीस वर्षं मी डोळे मिटूनही केलं असतं. आज दोनदा राणी रंग आला, म्हणजे थेंब जास्त पडले. तोटीला ग्रीस लावायला सांगितलं. किर्ती म्हणाली, सर, आजची टायट्रेशन्स मी करू? हात बसेल माझा. चोवीस वर्षांची आहे, महत्त्वाकांक्षा चांगली. करू दिली.

चहा आणणारी गयाबाई म्हणाली, सायेब, बशी काहून वाजते? एसीमुळे, म्हटलं. ती एसीकडे बघत राहिली. तो मंगळवारपासून बंद आहे.

२५ तारखेला बाहेरचे तपासनीस येणार. प्रत्येक केमिस्टने त्यांच्यासमोर तीन टायट्रेशन्स करायची, तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. नाही जुळले तर रिपोर्टवर सही करायचा अधिकार गेला. मला काळजी नाही. किर्तीला जरा धीर दिला.

१५ नोव्हेंबर.
नवं पॅड, मऊ. उपयोग शून्य. चहा सोडायचा संकल्प. चहाने हात उत्तेजित होतो असं कुठेतरी वाचलं.

१६ नोव्हेंबर.
चहा घेतला. मालिनी हल्ली कप अर्धाच भरते. दूध वाचवते आहे का, विचारलं. ती म्हणाली, हवा तर परत देते ना, किती वेळा हवा ते सांगा. आणि खरंच परत दिला, परत अर्धा. संसारात काटकसर कुठे सुरू होते बघा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
या पेनातून अक्षर बारीक येतंय. उद्या दुसरं.

१९ नोव्हेंबर, बुधवार.
दुसऱ्यातूनही.

आज फार वाईट सामना. आमचे चौघे मेले, हिमानीसुद्धा. मी एकटा जिवंत, समोर एक शत्रू. एका जिन्याखाली बसून मी त्याच्यावर नेम धरला होता. त्याला मी दिसत नव्हतो, तो पाठमोरा उभा होता. इतका सोपा बळी रँक्डमध्ये कोणाला मिळत नाही. दीड मिनिट शिल्लक होतं आणि मी दीड मिनिट नेम धरत राहिलो. फुली डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून भिंतीवर, परत डोक्यावर. इंदूरवाला ओरडत होता, मार ना अंकल, मार ना यार.  हिमानी मेलेली होती, माझाच पडदा बघत होती.

वेळ संपला. हरलो.

मग तिने हळूच विचारलं, बाबा, कोपर टेबलावर टेकवलंय का? टेकवलंय, म्हटलं. माऊस सोडून हात नुसता मांडीवर ठेवा बरं. कशाला? ठेवा ना. ठेवला. आता बघा त्याच्याकडे, म्हणाली. मी म्हटलं, माऊसचं बघतो उद्या.

मी हेडसेट काढणार तोच म्हणाली, बाबा, उद्यापासून कॅज्युअल खेळू या का? पहिल्यासारखं. मजा येते.

कॅज्युअल! म्हणजे पोरीला माझी लाज वाटते. सरळ म्हण की दुसरा जोडीदार मिळाला.

२१ नोव्हेंबर.
साडेसातला कॉम्प्युटर लावला नाही. तिने चारदा मेसेज केला. सर्दी आहे, असं कळवलं.

२३ नोव्हेंबर, रविवार.
तिसरा दिवस. एकट्याने सराव केला. पुतळ्यांवर गोळ्या झाडायच्या, पुतळे उलट मारत नाहीत. शंभरात एकोणीस. पुतळे लहान केलेत या भागात.

मालिनी स्वयंपाकघरात दार लोटून फोनवर बोलत होती. एवढंच ऐकू आलं: अगं, मी जूनपासून बघतेय, पण त्यांना सांगणार कोण? ते माझ्यावरच चिडतात. बहुधा बहिणीशी, मेहुण्यांबद्दल. त्यांचा स्वभाव आहेच तसा.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.
तपासनीस दोघे. किर्तीचे तिन्ही आकडे जुळले. मग मी. पहिला फ्लास्क राणी रंग. दुसरा राणी रंग. तिसऱ्याला मी तोटीवर दोन्ही हात धरले, तर फ्लास्क हलवायला हात उरला नाही. किर्ती पुढे आली आणि तिने फ्लास्क धरला. तपासनीस म्हणाले, मॅडम, त्यांना एकट्यांना करू द्या. तिने लगेच सोडला नाही.

तोटीला ग्रीस जास्त झालं होतं.

२६ नोव्हेंबर.
सही किर्ती करणार. तूर्तास, असं साहेब म्हणाले. तपासनीस मानेवर श्वास सोडत होता, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, हेमचंद्र, एकदा दाखवून ये कोणाला तरी. बदलापूर गावातल्या देवीलाही दाखवेन, म्हटलं. ते हसले नाहीत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.
हिमानीचा फोन. गेममध्ये नव्हे, फोनवर. जेवलात का, असं विचारलं नाही. म्हणाली, बाबा, मला जोडीदार नको होता हो दुसरा. कॅज्युअलमध्ये मेल्यावर तुमचा पडदा बघत बसावं लागत नाही, म्हणून म्हटलं.  मला चिडायचं होतं, पण कारण आठवलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळ.
सीझन संपला. कांस्य, तिसरा दर्जा.

वही उघडून पहिलं पान बघितलं. तिथे एका ओळीत आठ शब्द मावलेत, काल पंधरा मावले. पेनं तीन होती.

माझ्या वडिलांची, अण्णांची, सही अशीच लहान होत गेली होती. बँकेचं पत्र आलं, सही जुळत नाही म्हणून, तेव्हा मी बँकेत जाऊन भांडून आलो होतो. अण्णा तेव्हा अठ्ठावन्नचे. मला पुढची अकरा वर्षं पाठ आहेत.

माऊस चांगला आहे. दोन्ही. पंखा, टेबल, पॅड, तोटी, एसी, इंदूरचा मुलगा, कोणाचाच दोष नाही. तक्रार मागे घेतो. माझा उजवा हात थरथरतो, जूनपासून. मालिनीला माहीत होतं म्हणून कप अर्धा. किर्तीला माहीत होतं. हरेशभाईंना पाच मिनिटांत कळलं.

गुरुवारी ठाण्याला न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळाली आहे. हिमानी बुधवारी येतेय. येऊ नकोस, असं सांगायला फोन हातात घेतला होता, ठेवून दिला.

डॉक्टर काय सांगतील त्याची भीती आहेच. पण अण्णांना शेवटी मी भरवायचो, आणि चमचा त्यांच्या तोंडाशी नेताना मी खिडकीबाहेर बघायचो. ती मात्र दीड मिनिट बघत राहिली, नजर न हलवता. तिला आता हे वर्षानुवर्षं बघत बसावं लागेल. त्याची भीती वाटते मला.