एकोणिसाव्या किलोमीटरवरचे निरांजन

पनवेल
७ डिसेंबर २०२५

ती. दादास, धाकट्या सुमतीचा सा. न. वि. वि.

कानाचे यंत्र अजून कपाटातच असणार, तेव्हा फोनवर घसा कोरडा करण्यापेक्षा लिहायलाच बसले. आज मी सोळा किलोमीटर धावले. पुन्हा लिहिते, सोळा. वय वर्षे छप्पन्न, शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षे खुर्चीत बसलेली बाई. आंघोळ करून पोहे खाल्ले आणि आता पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून मांडीवर लिहिते आहे, म्हणून अक्षर असे.

ही सगळी करणी आमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या आसियाची. जूनपासून रोज पहाटे दारात उभी. बाजी (म्हणजे ताई, ती मला तसेच हाक मारते), बोलत बोलत धावायचं, बोलता आलं नाही तर वेग जास्त झाला समजायचं, असे तिने सांगितले आणि मग मला कोण थांबवणार! अठरा जानेवारीला इथे अर्धमॅरेथॉन आहे. वडाळे तलावापासून निघायचे, पळस्पे फाट्याच्या पुढे जाऊन वळायचे आणि परत यायचे. येताना एकोणिसाव्या किलोमीटरला आमची सोसायटी लागते. तीन तासांच्या आत पोहोचले तरच पदक.

आता मुद्द्याचे. तुझा लेक देवेश सांगत होता, ऑगस्टमध्ये खुब्याचे ऑपरेशन झाल्यापासून तू एकदाही जिना उतरलेला नाहीस. डॉक्टर चाला म्हणतात आणि तू गॅलरीत बसून पेपर वाचतोस. माझ्या भावाने असे बसून राहावे, हे मला बघवत नाही. म्हणून शर्त लावते. मी तीन तासांत पोहोचले तर तू जिना उतरून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत जायचे. नाही पोहोचले तर तुझ्या पायांचे नाव मी पुन्हा काढणार नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तसाच असू दे, राग आला तर तो मात्र आवर.

तुझी
सुमती

मिरज
१५ डिसेंबर २०२५

चि. सौ. सुमतीस, दादाचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचले. तुझ्या वहिनीने ते मोठ्याने वाचले, शेजाऱ्यांनीही ऐकले असावे. सोळा किलोमीटर म्हणजे इथून जवळजवळ सांगली आणि पुढे आणखी दोन गावे. चौथीत असताना लिंबू-चमच्याच्या शर्यतीत चमचा टाकून नुसते लिंबू मुठीत धरून धावलेली मुलगी ती तूच ना, अशी शंका आली. तेव्हाही मास्तरांनी बाद केल्यावर आपणच जिंकलो म्हणून घरभर नाचली होतीस.

शर्त मान्य. तू हरशील याची खात्री आहे, म्हणून मान्य. माझ्या पायांची काळजी तू करू नकोस. ते इथेच आहेत, गॅलरीतून दिसतात.

थट्टा पुरे. धावताना पाणी पीत जा, रस्त्यावरची वाहने बघ. छातीत जरा काही वाटले तर शर्त, पदक सगळे सोडून खाली बस.

सोबत तुझ्या सासूबाईंना वेगळी चिठ्ठी घातली आहे. ती त्यांच्या हाती दे, उघडू नकोस. नुसती खुशाली आहे. पत्र टाकायला देवेश खोळंबला आहे, म्हणून आटोपते घेतो. आम्हा दोघांचा आशीर्वाद तुझ्या बुटांनाही.

तुझा
कृष्णकांतदादा

पनवेल
१९ जानेवारी २०२६

ती. दादास, पाय अजून जमिनीला न लागलेल्या सुमतीचा सा. न. वि. वि.

आधी निकाल सांगते. माझ्या मनगटावरच्या घड्याळात तीन तास, एक मिनिट, चाळीस सेकंद. म्हणजे शर्त हरले. पण दादा, मी एकवीस किलोमीटर धावले. काल रात्री झोपेतसुद्धा पाय हलत होते, असे आमचे हे सांगतात.

पहाटे साडेपाचला तलावापाशी एवढी गर्दी होती की लग्नाला आल्यासारखे वाटले. बुटाची नाडी मी तीनदा सोडून बांधली. भोंगा वाजला आणि सगळी भीती गेली. पळस्प्याला उजाडले. अर्धा रस्ता आमच्यासाठी बंद होता, उरलेल्या अर्ध्यावरून बंदराकडचे कंटेनर धडधडत चालले होते आणि त्यांतले चालक हॉर्न वाजवून आम्हाला चिअर करत होते. आसिया माझ्यासाठी रेंगाळते आहे असे दिसल्यावर बाराव्या किलोमीटरला मी तिला रागावून पुढे पाठवले. चौदाव्याला पोटरीत गोळा आला. मीठ लावलेली संत्र्याची फोड खाल्ली, लंगडले, पुन्हा धावले. तुझ्या टपालपेटीचे चित्र डोळ्यांपुढून हलू दिले नाही.

एकोणिसाव्याला घड्याळ पाहिले तर दोन तास एकोणचाळीस. उरलेले अंतर सतरा मिनिटांचे. पदक खिशात, असे म्हणेपर्यंत सोसायटीच्या फाटकापुढे काय पाहते? रस्त्याच्या कडेला पाट मांडलेला, भोवती रांगोळी, आणि ब्याऐंशी वर्षांच्या आमच्या सासूबाई नऊवारी नेसून हातात औक्षणाचे ताट घेऊन उभ्या. हाताशी शेजारची कीर्ती काडेपेटी घेऊन.

त्यांना चुकवून पुढे जाणे मला जमले नसते. पाटावर उभी राहिले. त्यांनी कुंकू लावले, अक्षता टाकल्या, निरांजन लावले, तेवढ्यात कंटेनर गेला आणि निरांजन विझले. पुन्हा लावले, पुन्हा कंटेनर. विझलेल्या वातीने ओवाळायचे नाही, हे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, आई, राहू दे, वेळ जातोय. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “तुझ्या माहेरचा मान आहे हा. अर्धवट नाही सोडायचा.” शेवटी कीर्तीने ओढणीचा आडोसा केला आणि चौथ्या काडीला ज्योत टिकली. पाच मिनिटे गेली. ओवाळताना त्यांचे डोळे भरले होते, त्यामुळे मला रागावताही येईना.

मग मी जी धावले, तशी जन्मात धावले नव्हते. शर्यत संपते त्या कमानीपाशी पोहोचले तेव्हा एक माणूस वेळ मोजणारी चटई गुंडाळत होता. मला पाहून बिचाऱ्याने ती पुन्हा उलगडली, पण यंत्र बंद झाले होते आणि पदकांच्या खोक्यावर झाकण बसले होते. आसिया आपले पदक काढून माझ्या गळ्यात घालू लागली, मी घेतले नाही. मग फुटपाथवर बसून दोघी रडलो आणि रडता रडताच हसू फुटले.

माहेरचा मान ही काय भानगड, असे सासूबाईंना विचारले तर त्या विषय बदलतात. पदक कशामुळे गेले हे मी त्यांना सांगितलेले नाही, तूही कुठे बोलू नकोस. शब्द दिला आहे, तो पाळते. तुझ्या पायांचे नाव आज शेवटचे काढले. वाईट त्याचेच वाटते, पदकाचे नाही.

आहे ती माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी
सुमती

मिरज
२७ जानेवारी २०२६

चि. सौ. सुमतीस, अपराधी दादाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र तीनदा वाचले. तुझी वहिनी दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही आणि तिचे बरोबर आहे.

तो माहेरचा मान माझाच. सासूबाईंना पाठवलेल्या चिठ्ठीत मी लिहिले होते की आमच्या घरची मुलगी एवढे मोठे काम करते आहे, वडीलधारे कोणी उरले नाही, मी जागचा हलत नाही, तर ती दारावरून जाईल तेव्हा आमच्या वतीने तिला ओवाळा. आमच्या वेळच्या शर्यतीत मास्तरांची शिट्टी तेवढी असायची. धावणाऱ्या माणसाला पाटावर उभे केले तर घड्याळ थांबत नाही, हे या शहाण्याच्या डोक्यातच आले नाही. तुझे पदक मी घालवले. त्या माउलीला काही कळू देऊ नकोस.

आता खरे सांगतो. पाय दुखत नाहीत. ऑगस्टमध्ये त्याच जिन्यावरून पडलो, तेव्हापासून पहिली पायरी पाहिली की घाम फुटतो. घरात कोणापाशी बोललो नाही, म्हाताऱ्याला भीती वाटते हे सांगायची लाज वाटली. पण चौथी काडी ओढणाऱ्या त्या माउलीचे आणि चटई गुंडाळत असताना धावत आलेल्या तुझे वाचले आणि गॅलरीत बसवेना.

पाच मिनिटे माझी. ती वजा केली की तू दोन तास छप्पन्न मिनिटांत पोहोचलीस. शर्त तू जिंकलीस.

हे पत्र टाकायला देवेशला देणार नाही. तुझ्यावरचा लोभ या घरात कधी कमी नव्हता, आता तर फारच वाढला आहे.

तुझा
दादा

(पाकिटाच्या मागच्या बाजूस, वाकड्या अक्षरात)

ता. क. हे टपालपेटीवर पाकीट ठेवून, उभ्याने लिहितो आहे. पायऱ्या बावीस, हाती काठी, मागे दहा पावलांवर तुझी वहिनी. चार मिनिटांच्या रस्त्याला मला सव्वीस लागली. पदक मिळेल का, कळव.